शाल्की भंगारात जाण्याआधी ठरवा : माझगावच्या एका वेल्डरच्या मुलाचं खुलं पत्र

माननीय संरक्षण मंत्री, माननीय नौदल प्रमुख आणि महाराष्ट्राचे माननीय मुख्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांब होणार आहे, पण पूर्ण वाचा अशी हात जोडून विनंती. मी नौदलातला नाही, कुठल्या संघटनेचा पण नाही. माझे बाबा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते, आता 72 वर्षांचे आहेत, आम्ही घोडपदेवला राहतो. बाबांच्या हातचं काम आजही अरबी समुद्रात पाण्याखाली फिरतंय, त्याबद्दल मला बोलायचंय.

आयएनएस शाल्की. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. 30 सप्टेंबर 1989 ला ती पाण्यात उतरली आणि 7 फेब्रुवारी 1992 ला नौदलात दाखल झाली. ती रशियात किंवा जर्मनीत नाही, आपल्या माझगावात बांधली गेली, आणि ही गोष्ट मुंबईतल्या दहा माणसांना विचारली तर एकालाही माहीत नसते, मी विचारून बघितलंय, माझ्या ऑफिसात, मुलाच्या शाळेत, ट्रेनच्या ग्रुपमध्ये. रोज डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरणाऱ्या माणसालाही माहीत नाही की समोरच्या भिंतीपलीकडे काय घडलं होतं.

माझी मागणी एकच आहे. शाल्की अजून सेवेत आहे, पण तिला 30 वर्षं कधीच उलटून गेली, म्हणजे आज ना उद्या ती निवृत्त होणार. ती निवृत्त झाल्यावर तिचं काय करायचं हे आत्ता ठरवा, ती चालती-फिरती आहे तोवर. ती मुंबईतच राहू द्या, जमिनीवर घ्या, लोकांना आत जाऊन बघता येईल अशी ठेवा.

आत्ताच का, हे सांगण्याआधी ती बांधली कशी गेली ते सांगतो, कारण त्याशिवाय मी एवढा जीव का तोडतोय ते कळणार नाही.

डिसेंबर 1981 मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला, चार पाणबुड्यांचा. पहिल्या दोन, शिशुमार आणि शंकुश, तिकडे कील शहरात बांधल्या, त्या दोन्ही 1986 ला नौदलात दाखल झाल्या. उरलेल्या दोन, शाल्की आणि शंकुल, इथे माझगावात बांधायच्या होत्या. त्यासाठी इथली माणसं कीलला ट्रेनिंगला गेली. बाबा गेले नव्हते, त्यांचे सुपरवायझर गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी बाबांच्या बॅचला शिकवलं. बाबा तोपर्यंत साध्या जहाजांवर काम करत होते आणि स्वतःला चांगले वेल्डर समजत होते. पाणबुडीवर आल्यावर पहिले काही महिने त्यांचा एकेक जॉइंट रिजेक्ट व्हायचा.

जहाजाच्या पत्र्याला पाणी बाहेरून दाबतं खरं, पण पाणबुडी खोल गेल्यावर जो दाब येतो त्याची गोष्टच वेगळी. ही पाणबुडी 260 मीटरपर्यंत खाली जाते असं छापून आलेलं आहे. तिथे एका चौरस मीटरवर 250 टनांहून जास्त वजन पडतं. पाणबुडीचा आतला जो मुख्य नळकांड्यासारखा भाग असतो, प्रेशर हल म्हणतात त्याला, तो गोल म्हणजे अगदी गोल लागतो, थोडा जरी अंडाकृती झाला तर तेवढ्या खोलीवर चेपला जाऊ शकतो. आणि ते स्टील पण हट्टी. थंड प्लेटवर वेल्डिंग मारलं की नंतर आतल्या आत चीर पडते, तीही लगेच नाही, काही तासांनी, म्हणून प्लेट आधी तापवून घ्यायची, ठरलेल्या तापमानाला धरून ठेवायची आणि मग मारायचं. वेल्डिंग रॉड ओव्हनमधून काढून लगेच वापरायचे कारण मुंबईची हवा म्हणजे नुसता दमटपणा, रॉडने ओल धरली की जॉइंट गेलाच. बाबा सांगतात मे महिन्यात वर सूर्य, खाली तापवलेली प्लेट, अंगावर लेदरचं जाकीट, आणि पाय पोटाशी घेऊन दोन फ्रेमच्या मधे बसून वेल्डिंग करायचं. मग एक्स-रे. फिल्मवर टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा दिसला तरी तेवढा भाग कोरून काढायचा आणि परत भरायचा.

बाबांच्या डाव्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत, मोजले तर 20-25 भरतील. लहानपणी मी ते बोटाने जोडत बसायचो, आकाशातले तारे जोडतात तसं. एकदा त्यांनी मला सांगितलं होतं की इंजिनरूमच्या खालच्या बाजूला एक जॉइंट आहे तो पूर्ण त्यांचा आहे, पहिल्या एक्स-रेलाच पास झालेला. त्या दिवशी ते घरी येताना पेढे घेऊन आले होते, आई म्हणाली कशाचे, तर म्हणाले जॉइंट पास झाला. आईला त्यातलं काही कळलं नसणार पण तिने देवापुढे ठेवले.

शाल्कीची लांबी साधारण 64 मीटर, म्हणजे लोकलचे तीन डबे जोडले की होईल तेवढी. त्यात 40 माणसं, चार डिझेल इंजिनं, ढीगभर बॅटऱ्या, 14 टॉर्पेडो, महिना-दीड महिन्याचं राशन. पाण्याखाली असताना ती बॅटरीवर चालते, बॅटरी उतरली की पृष्ठभागाच्या जवळ येऊन एक नळी फक्त पाण्याबाहेर काढायची, हवा आत घ्यायची, डिझेल इंजिन चालवून चार्जिंग करायचं आणि परत खाली. नळी बाहेर असते तेवढा वेळ सगळ्यात धोक्याचा, कारण तेव्हाच शत्रूला दिसण्याची, ऐकू येण्याची शक्यता जास्त. या चारही पाणबुड्यांमध्ये एक गोळा बसवलेला आहे, एस्केप स्फिअर, काही विपरीत झालंच तर पूर्ण क्रू त्या एका गोळ्यात शिरून पाण्यावर येऊ शकतो. 40 माणसं एका गोळ्यात! आपल्या पोरांना हे आतून बघायला मिळालं तर सायन्सच्या पुस्तकातला आर्किमिडीज त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

आता पुढचा भाग, जो सांगताना बाबांचा आवाज अजून बदलतो. 1987 मध्ये या व्यवहारात दलाली दिल्याचे आरोप झाले, देशभर गाजलं ते प्रकरण. मूळ करारात चारच्या पुढे अजून दोन पाणबुड्या बांधायचा पर्याय होता, तो सोडून दिला गेला. शाल्की झाली, 1994 मध्ये शंकुल झाली आणि मग लाइन थांबली. दलाली कोणी खाल्ली, खाल्ली की नाही, तो वाद मला इथे नकोय. मला एवढंच म्हणायचंय की ज्या माणसांनी दहा वर्षं घासून हे काम हातात बसवलं त्यांना पुढची पाणबुडी मिळालीच नाही. काही आखातात गेले, काही दुसऱ्या यार्डात, काही रिटायर झाले. बाबा परत साध्या जहाजांवर गेले. शंकुल 1994 ला नौदलात गेली आणि त्यानंतरची भारतात बांधलेली पारंपरिक, म्हणजे अणुशक्तीवर न चालणारी पाणबुडी, नवी कलवरी, 14 डिसेंबर 2017 ला. मधे 23 वर्षं! तोवर बाबांची अख्खी बॅच घरी बसली होती, आणि नव्या पोरांना पहिल्यापासून शिकावं लागलं, या वेळी फ्रेंचांकडून. त्या पोरांनी पण कमाल केलीये, कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि जानेवारी 2025 ला वागशीर, सहाच्या सहा झाल्या. आणि आता पुढच्या पाणबुड्यांसाठी माझगाव डॉकने हात मिळवलाय तो परत त्याच कीलच्या यार्डवाल्यांशी. बातमी वाचून दाखवली तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आमचं बरोबर चाललं होतं."

हे सगळं कुठे लिहून ठेवलंय का? कुठल्या शहरात, कुठल्या भिंतीवर, कुठल्या म्युझियममध्ये मुंबईकराला हे वाचायला मिळतं? मला तरी सापडलं नाही.

आता विमानवाहू जहाज विक्रांतबद्दल बोलू, कारण माझी सगळी भीती तिथून येते. 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात चितगाव, कॉक्स बाजारवर जिच्या विमानांनी हल्ले केले ती विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. मुंबईत तिचं म्युझियम झालं, शाळेच्या सहली जायच्या, मी पण गेलोय. मग 2012 ला ते धोकादायक म्हणून बंद झालं, कायमचं काय करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं, प्रत्येक सरकार पुढच्यावर ढकलत गेलं. शेवटी हायकोर्टात राज्याने सांगितलं की आम्हाला परवडत नाही आणि 2014 मध्ये 60 कोटींना लिलाव झाला. ती तोडली कुठे माहितीये ना? दारूखान्यात, जुनी जहाजं तोडतात त्या किनाऱ्यावर. आमच्या घोडपदेवच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्या गल्लीतले कितीतरी लोक त्या वर्षी नुसतं लांबून बघायला जायचे, रोज थोडी थोडी कमी झालेली असायची. बाबा एकदाच आले माझ्याबरोबर. गॅस कटरचा आवाज त्यांना झोपेत पण ओळखू येतो. पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले चल. पुढे तिच्या लोखंडाची मोटरसायकल निघाली, लायन गेटजवळ एक छोटं शिल्प झालं. शिल्प चांगलं आहे, करणाऱ्यांनी मनापासून केलंय, पण 19 हजार टनांच्या जहाजाचं एवढंच उरावं?

विक्रांत वाचवणं कठीण होतं हे मी मान्य करतो. 200 मीटरहून लांब जहाज, पाण्यात ठेवायचं म्हणजे धक्का हवा, गाळ काढत राहायला हवा, तळ गंजत राहणार. शाल्कीचं तसं नाही ना! 64 मीटर, साडेसहा मीटर रुंद, ती जमिनीवर येऊ शकते. एकदा जमिनीवर आली की खर्च राहतो रंगाचा, विजेचा आणि माणसांच्या पगाराचा.

हे मी हवेत बोलत नाहीये. विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा उभी आहे, जुनी रशियन बनावटीची, 91 मीटर लांब, म्हणजे शाल्कीपेक्षा मोठी. 1969 ला दाखल झाली, 1971 च्या युद्धात गस्तीवर होती, 31 वर्षं सेवा केली, 73,500 सागरी मैल फिरली. फेब्रुवारी 2001 ला निवृत्त झाली आणि ऑगस्ट 2002 मध्ये म्युझियम सुरू पण झालं. दीड वर्षात! कारण तिथे वेळेत मनावर घेतलं गेलं. वाळूवरून ओढत आणून बसवली तिला.

बाबांना घेऊन मी तिथे गेलो होतो. आत शिरायला जिना आहे, मग टॉर्पेडो रूम, मग एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायला गोल भोक, त्यातून आधी पाय टाकायचा, मग डोकं, मग दुसरा पाय. मला वाटलं बाबांना जमणार नाही, गुडघे दुखतात त्यांचे, पण ते माझ्या आधी पलीकडे गेले. गाईड म्हणून निवृत्त नौसैनिक होते. बाबा झोपायचे बंक बघत नव्हते, पेरिस्कोप बघत नव्हते, ते भिंतीवरून बोट फिरवत होते, रंगाच्या खाली वेल्डिंगची जी शीर असते ना, ती शोधत. गाईडने विचारलं काय बघताय काका, तर म्हणाले, "रशियन माणसाचा हात बघतोय." मग दोघं हिंदीत अर्धा तास बोलत बसले आणि आमच्या मागची रांग खोळंबली, कोणी काही बोललं नाही, उलट दोन-तीन पोरं ऐकायला थांबली.

बाहेर आल्यावर समुद्राकडे तोंड करून बसलो तेव्हा त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. त्यांचे सुपरवायझर कीलहून आले तेव्हा एक पोस्टकार्ड घेऊन आले होते, वाळूवर उभी असलेली पाणबुडी. कीलच्या जवळ लाबो म्हणून गाव आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातली यू-995 ही पाणबुडी 1972 पासून म्युझियम म्हणून ठेवलीये. ते कार्ड डॉकच्या वर्कशॉपमध्ये हातोहात फिरलं आणि सगळे म्हणायला लागले की आपली पण अशीच ठेवतील एक दिवस. बाबा म्हणाले, "ती पाण्यात उतरायच्या आधीच आम्ही ती वाळूवर कुठे ठेवायची ते ठरवत होतो."

साहेब, म्हणूनच म्हणतोय, आधी ठरवा. निवृत्तीची तारीख आल्यावर समिती, समितीचा रिपोर्ट, मग टेंडर, मग टेंडरला कोणी आलं नाही, मग धोकादायक, मग लिलाव. हा रस्ता आम्ही एकदा पाहिलाय.

गोपनीयतेचं कारण पुढे येईल, आणि ते खोटं नाही. तिच्या बहिणी अजून सेवेत असतील तर सोनार म्हणजे आवाजावरून वेध घेणारं यंत्र, वायरलेस, फायर कंट्रोल म्हणजे शस्त्रांचा नेम साधणारी यंत्रणा, जे काही नाजूक आहे ते काढून घ्या, तिथे नुसते रिकामे कप्पे ठेवा, चालेल. लोकांना सोनारचा स्क्रीन नाही बघायचाय, लोकांना तो गोळा बघायचाय, ते बंक बघायचेत, इंजिनाला चिकटून माणूस कसा झोपतो ते बघायचंय. पैशाचं म्हणाल तर 2023 मध्ये शंकुशच्या मोठ्या रिफिटसाठी, म्हणजे दुरुस्ती-नूतनीकरणासाठी, 2,725 कोटींचा करार झाला, योग्यच झाला, पाणबुडी धारदार राहायलाच हवी. कुरसुराच्या वेळी साडेपाच कोटींच्या आसपास खर्च आला होता असं सांगतात. आज कितीही पट धरा, राज्याला आणि मुंबईला जड नाही. जागा म्हणाल तर पूर्व किनाऱ्यावर भाऊच्या धक्क्यापासून वर बंदराची एवढी जमीन आहे, ती खुली करण्याच्या योजना आम्ही वर्षानुवर्षं पेपरात वाचतोय, त्यात लोकलच्या तीन डब्यांएवढी जागा शाल्कीच्या नावाने राखून ठेवा. माझगावातच मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आणि मुख्यमंत्री साहेब, नौदल देत नाही असं नाहीये. 2022 मध्ये खुकरी ही निवृत्त युद्धनौका दीवला दिली. 2025 मध्ये आपल्याच सिंधुदुर्गासाठी गुलदार ही निवृत्त युद्धनौका दिली, पाण्याखालच्या म्युझियमसाठी. मागावं लागतं आणि मागितल्यावर सांभाळावं लागतं.

अजून एक गोष्ट, ती नौदलाकडे. नुसती पोकळ पाणबुडी ठेवून उपयोग नाही, तिचा इतिहास पण द्या. तुम्ही लोक बोलत नाही, सायलेंट सर्व्हिस म्हणतात ते उगाच नाही. माझ्या वर्गातल्या एकाचे वडील पाणबुडीवर होते, महिना महिना गायब असायचे, कुठे गेले विचारलं तर "समुद्रात" एवढंच. जुन्या करंजबद्दल आपल्याला थोडंफार माहीत आहे, 1971 ला ती कराचीच्या बाजूला गस्तीवर होती, तिचे कमांडर शेखावत यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदल प्रमुख झाले आणि 10 मार्च 2021 ला मुंबईत नवी करंज दाखल झाली तेव्हा तेच प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. किती मोठी गोष्ट आहे ही, 50 वर्षांनी त्याच नावाच्या पाणबुडीसमोर उभं राहायचं! शाल्कीच्या माणसांकडे पण अशा गोष्टी असतीलच की. संरक्षण मंत्रालयाचं 2021 चं धोरण आहे की जुनी कागदपत्रं साधारण 25 वर्षांनी खुली करायची. शाल्कीची पहिली वर्षं त्यात कधीच बसली. जेवढं सांगता येईल तेवढं सांगा, तिच्या पहिल्या क्रूची माणसं आहेत तोवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून घ्या.

आणि त्याच ठिकाणी सिंधुरक्षकला पण जागा द्या. 2006 मध्ये राष्ट्रपती कलाम साहेब जिच्यातून विशाखापट्टणमला पाण्याखाली गेले होते तीच ही पाणबुडी. 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री इथे मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये तिच्यात स्फोट झाले आणि 18 जण गेले. बाबा त्या रात्री टीव्हीसमोरून हलले नाहीत. पाणबुडी त्यांनी बांधलेली नव्हती, आत कोणी ओळखीचं नव्हतं. सकाळी दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाचे मंडप बांधणं चालू होतं गल्लीत, ते खाली जाऊन मुलांना म्हणाले स्पीकर जरा हळू लावा. त्या 18 जणांची नावं सामान्य मुंबईकराला थांबून वाचता येतील अशी जागा हवी, परवाना-पासशिवाय.

बाजूलाच एक दुसरी पाटी लावा, ती बांधणाऱ्यांची. वेल्डर, फिटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, क्रेनवाले, एक्स-रेवाले, ड्रॉइंगवाले. त्यात कोकणातले होते, घाटावरचे होते, यूपीचे, केरळचे, सगळे. डॉकच्या जुन्या रजिस्टरमध्ये नावं असणार. जहाजावर बांधणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत नसते हे मला माहीत आहे, पण ही देशातली पहिली होती.

तुमच्याकडून उत्तर आलं तर आनंद होईल, पण उत्तरापेक्षा एक साधा शासन निर्णय निघाला तर जास्त, की शाल्की निवृत्त झाल्यावर तोडली जाणार नाही, मुंबईत ठेवली जाईल, अमुक जागा, अमुक विभाग जबाबदार. दोन ओळी पुरतील.

बाबांच्या बॅचचे आता मोजके लोक उरलेत, गणपतीत अजून एकमेकांकडे जातात. मी हे पत्र लिहितोय कळल्यावर त्यांनी विचारलं की म्युझियममध्ये इंजिनरूमच्या खालच्या बाजूला जाऊ देतील का. मी म्हटलं विचारतो.

आपला नम्र,
माझगाव डॉकच्या एका निवृत्त वेल्डरचा मुलगा,
घोडपदेव, मुंबई